सेवापुस्तक कसे लिहावे, कसे तपासावे: जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या आस्थापना टेबलासाठी

पेन्शनचे प्रकरण त्रुटीत निघून परत येते तेव्हा नियम आडवा आलेला क्वचितच असतो. आडवी येते ती सेवापुस्तकातली, म्हणजे कर्मचाऱ्याच्या संपूर्ण नोकरीचा हिशेब ठेवणाऱ्या पुस्तकातली नोंद. वीस वर्षांपूर्वी मंजूर झालेली रजा पुस्तकात चढलेलीच नसते. निलंबनाचा काळ कसा धरायचा याचा आदेश निघालेला नसतो. दुसऱ्या तालुक्यात काढलेल्या चार वर्षांची सेवा पडताळणी कोरी असते. त्या वेळचा लिपिक निवृत्त झालेला, त्या वेळचे बीडीओ (गटविकास अधिकारी) बदलून गेलेले, आणि फाईल कुठल्या गठ्ठ्यात आहे हे सांगणारा कोणी नसतो. ज्याने तीस-पस्तीस वर्षे नोकरी केली तो माणूस मग आपल्याच कार्यालयाच्या खुर्चीसमोर उभा राहतो. हे टाळणे आस्थापना लिपिकाच्या हातात आहे आणि त्यासाठी फार हुशारी लागत नाही. आदेश निघाला की त्याच आठवड्यात नोंद घ्यायची आणि ती अशी लिहायची, की आपल्याला आणि त्या कर्मचाऱ्याला न ओळखणाऱ्या माणसालाही ती तीस वर्षांनी स्वतंत्रपणे समजेल.

हा लेख जिल्हा परिषदेच्या बिगर-शिक्षक कर्मचाऱ्यांना समोर ठेवून लिहिला आहे. रजा, वेतन आणि निवृत्तिवेतनाचे मूळ नियम महाराष्ट्र नागरी सेवा नियमांचेच (1981 चे वेतन, रजा इत्यादी नियम आणि 1982 चे निवृत्तिवेतन नियम) लागतात. त्यामुळे नगरपरिषदेतल्या किंवा राज्य शासनाच्या कार्यालयातल्या लिपिकालाही बहुतेक भाग उपयोगी पडेल. वर्तणूक, शिस्त आणि सेवाप्रवेश यांसाठी मात्र जिल्हा परिषदेचे स्वतंत्र नियम आहेत: शिस्त व अपील नियम 1964 चे, वर्तणूक आणि सेवाप्रवेश नियम 1967 चे. आदेश काढताना नियमाचे नाव चुकले तर सगळा आदेश वादात सापडतो, म्हणून हा फरक लक्षात ठेवावा.

टेबलाचा चार्ज घेताना

नुसत्या यादीवर सही करून सेवापुस्तके ताब्यात घेऊ नका. हजेरीपट समोर ठेवा, प्रत्येक नावापुढे पुस्तक प्रत्यक्ष आहे का ते पाहा आणि चार रकाने भरा: पुस्तक आहे की नाही, शेवटची नोंद कोणत्या तारखेची, सेवा पडताळणी कोणत्या वर्षापर्यंत, रजेचा हिशेब कोणत्या सहामाहीपर्यंत. पुस्तक वित्त विभागात किंवा जिल्हा परिषदेच्या मुख्यालयात गेले असेल तर जावक क्रमांक आणि दिनांक लिहा. हा तक्ता चार्ज यादीला जोडा आणि त्यावर देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही घ्या. साठ-सत्तर कर्मचाऱ्यांच्या कार्यालयात हे काम दोन दिवसांत उरकते. पुढे एखादे पुस्तक सापडले नाही तर ते कोणाच्या काळात गेले, हा प्रश्न या एका कागदावर सुटतो.

त्यानंतर जन्मतारखांवरून निवृत्तीची यादी करा. गट अ, ब आणि क साठी वय 58, गट ड साठी 60. ज्या महिन्यात वय पूर्ण होते त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी कर्मचारी निवृत्त होतो. जन्म महिन्याच्या 1 तारखेचा असेल तर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. 2 जुलै 1970 चा जन्म असलेला गट क कर्मचारी 31 जुलै 2028 ला निवृत्त होईल, पण 1 जुलै 1970 चा जन्म असेल तर 30 जून 2028 ला. 1 तारखेच्या जन्माची प्रकरणे यादीत वेगळ्या शाईने खुणावून ठेवा. तिथे एक महिना जास्त नोकरी झाली तर त्या पगाराचा हिशेब फार त्रासदायक होतो. पुढे पुस्तके अद्ययावत करण्याचा क्रमही याच यादीवरून ठरवा: ज्याची निवृत्ती आधी त्याचे पुस्तक आधी.

पहिले पान

नाव, जन्मतारीख, शिक्षण, उंची, ओळखीच्या खुणा, बोटांचे ठसे, फोटो, सह्या. नव्या कर्मचाऱ्याचे हे पान तो रुजू झाल्यावर पहिल्या पगाराआधी पूर्ण करा. या पानावरच्या नोंदी निदान दर पाच वर्षांनी नव्याने करायच्या किंवा पुन्हा साक्षांकित करायच्या असतात, तशी सूचना पानावरच छापलेली असते. ठसे पुन्हा घ्यावे लागत नाहीत. हे पुनःसाक्षांकन जवळजवळ सगळीकडे राहून गेलेले दिसते. निवृत्तीच्या वर्षी एकदम सगळ्या सह्या घेण्यापेक्षा ते वेळच्या वेळी करणे कितीतरी सोपे आहे.

जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, दोन्ही लिहा. कोणत्या दाखल्यावरून लिहिली, त्याचा क्रमांक काय, दिनांक काय, हे शेजारीच नमूद करा आणि कार्यालय प्रमुखांची सही घ्या. केवळ वर्ष माहीत असेल तर 1 जुलै आणि महिना व वर्ष माहीत असेल तर त्या महिन्याची 16 तारीख धरायची असते. नोंद झाल्यावर बदल मागायचा असेल तर कर्मचाऱ्याने सेवेत आल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज करायला हवा. निवृत्तीच्या तोंडावर नवा जन्मदाखला घेऊन येणाऱ्याला हे लेखी कळवा, तोंडी समजावत बसू नका. आणि या रकान्यात खाडाखोड, ब्लेडने खरवडणे किंवा व्हाइटनर कधीही नको. लेखन चुकलेच तर चुकीवर एक आडवी रेघ मारा, वर बरोबर मजकूर लिहा आणि कार्यालय प्रमुखांची दिनांकासह सही घ्या. हाच नियम संपूर्ण पुस्तकाला लागू.

नावाबाबत एक खबरदारी. नेमणूक आदेश, दहावीचे प्रमाणपत्र, आधार, पॅन आणि बँक खाते यांतले नाव अक्षर न अक्षर जुळवून पाहा. लग्नानंतर नाव बदलले असेल तर राजपत्राची प्रत किंवा विवाह नोंदणी प्रमाणपत्र घेऊन कार्यालयाचा आदेश काढा आणि त्या आदेशाची नोंद घ्या. आदेश नसताना मधूनच नवे आडनाव लिहायला सुरुवात केलेली पुस्तके पुढे हमखास त्रुटीत निघतात.

नेमणुकीची नोंद: जाहिरातीची तारीखसुद्धा लिहा

पहिल्या नेमणुकीच्या नोंदीत बहुतेक ठिकाणी आदेश क्रमांक आणि रुजू दिनांक एवढेच असते. ते पुरत नाही. भरतीच्या जाहिरातीचा दिनांक, निवड यादीतला क्रमांक, प्रवर्ग, जात प्रमाणपत्र आणि जात वैधता प्रमाणपत्राचे क्रमांक, वैद्यकीय तपासणी, चारित्र्य पडताळणी, आणि मार्च 2005 च्या नियमांनुसार लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापन, हे सगळे इथे यायला हवे.

जाहिरातीच्या दिनांकाचे महत्त्व अलीकडे सर्वांना पटले. 1 नोव्हेंबर 2005 रोजी किंवा त्यानंतर नेमणूक झालेल्यांना जुनी पेन्शन नाही, त्यांना आधी परिभाषित अंशदान योजना आणि पुढे राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना लागू झाली. 2024 मध्ये राज्य शासनाने, ज्यांच्या पदाची जाहिरात 1 नोव्हेंबर 2005 पूर्वी निघाली होती पण नेमणूक नंतर झाली, त्यांना जुन्या योजनेचा एकवेळचा विकल्प दिला. त्या वेळी अनेक कार्यालयांत जाहिरातीचे कात्रण शोधण्यात महिने गेले, कारण सेवापुस्तकात तो दिनांकच नव्हता. त्या काळातल्या कर्मचाऱ्यांच्या पुस्तकात ही नोंद अजूनही नसेल तर निवड समितीच्या नस्तीतून ती काढून घ्या आणि जाहिरातीची साक्षांकित प्रत पुस्तकाला जोडा.

परीक्षांच्या नोंदीही याच पानांवर असाव्यात: मराठी आणि हिंदी भाषा परीक्षा उत्तीर्ण किंवा सूट, टंकलेखन, संगणक अर्हता, सेवाप्रवेशोत्तर परीक्षा. "सूट आहे" एवढे पुरेसे नाही. कशाच्या आधारे सूट (उदाहरणार्थ, माध्यमिक शालान्त परीक्षेत हिंदी विषय), कोणाच्या आदेशाने, हे लिहा. संगणक अर्हतेसाठी जुन्या कर्मचाऱ्यांना दिलेली 31 डिसेंबर 2007 ची मुदत ज्यांनी पाळली नाही त्यांच्या वेतनवाढींच्या वसुल्या पुढे वर्षानुवर्षे निघत राहिल्या. प्रमाणपत्राचा दिनांक पुस्तकात असता तर त्यातले कितीतरी वाद पहिल्याच वर्षी मिटले असते.

नोंद लिहिण्याची रीत

चांगल्या नोंदीत पाच गोष्टी असतात: काय घडले, कोणत्या दिनांकापासून, आधीचे आणि नंतरचे वेतन, आदेश कोणाचा, आदेशाचा क्रमांक व दिनांक. उदाहरणादाखल:

"वार्षिक वेतनवाढ मंजूर. वेतनस्तर एस-6 मध्ये मूळ वेतन रु. 24,500 वरून रु. 25,200, दि. 01/07/2023 पासून. गटविकास अधिकारी यांचा आदेश क्र. आस्था-1/वेतनवाढ/412/2023, दि. 30/06/2023."

आणि ही रोज दिसणारी नोंद पाहा: "वे. वाढ दिली 25200." कोणी दिली? कधीपासून? कोणत्या स्तरात? दहा वर्षांनी लेखापरीक्षक हेच विचारतो आणि उत्तर शोधायला नव्या लिपिकाला रद्दीच्या खोलीत जावे लागते.

निळी किंवा काळी शाई वापरा. लाल शाई तपासणाऱ्यांसाठी सोडा. संक्षेप टाळा. दोन नोंदींमध्ये मोकळी ओळ ठेवू नका, तिथे नंतर काहीतरी घुसवले असा संशय येतो. आणि सर्वांत महत्त्वाचे: नोंद लिहिली की पुस्तक त्याच दिवशी सहीसाठी ठेवा. साहेबांची बदली झाल्यावर जुन्या नोंदींवर सह्या मिळत नाहीत. नवे अधिकारी आपल्या काळाबाहेरच्या नोंदींवर सही करायला कचरतात, आणि ते योग्यच आहे. तशी वेळ आलीच तर मूळ आदेशाची प्रत दाखवून "आदेशावरून पडताळून साक्षांकित" असा शेरा लिहून आजच्या दिनांकाची सही घ्यावी. मागची तारीख टाकलेली सही हा सरळसरळ खोटा दस्तऐवज होतो.

आदेश काढतानाच खाली "प्रत: मूळ सेवापुस्तक" अशी ओळ टाका. ती प्रत एका स्वतंत्र फाईलला लावत जा आणि दर शुक्रवारी दुपारनंतरचा तास त्या फाईलमधल्या नोंदी पुस्तकात चढवण्यासाठी राखून ठेवा. फाईल रिकामी झाली की आठवड्याचे काम झाले.

वेतनवाढ आणि वेतननिश्चिती

सातव्या वेतन आयोगाप्रमाणे (2019 चे सुधारित वेतन नियम, अंमल 1 जानेवारी 2016 पासून) वेतनवाढीचे दोन दिनांक आहेत, 1 जानेवारी आणि 1 जुलै, आणि एका कर्मचाऱ्याला वर्षात त्यातला एकच लागतो. नेमणूक किंवा पदोन्नती 2 जानेवारी ते 1 जुलै या काळात झाली असेल तर पुढची वेतनवाढ 1 जानेवारीला. 2 जुलै ते 1 जानेवारी या काळात झाली असेल तर 1 जुलैला. 15 फेब्रुवारी 2021 ला 19,900 वर रुजू झालेल्या कनिष्ठ सहाय्यकाचे वेतन 1 जानेवारी 2022 ला 20,500 होईल. सगळ्यांना सरसकट 1 जुलैच्या यादीत टाकण्याची जुनी सवय अजून गेलेली नाही आणि तिथे चुका होतात.

वेतनवाढीची यादी सादर करण्यापूर्वी प्रत्येक नावापुढे मागच्या वर्षातली असाधारण (बिनपगारी) रजा, निलंबन आणि रोखलेल्या वेतनवाढीची शिक्षा तपासा. वैद्यकीय प्रमाणपत्राशिवाय घेतलेली असाधारण रजा वेतनवाढीसाठी धरली जात नाही. शिक्षा असेल तर आदेशात "भविष्यातील वेतनवाढींवर परिणाम होऊन" आहे की "परिणाम न होता", हे नीट वाचा आणि नोंदीत ते शब्द जसेच्या तसे उतरवा. वेतनवाढीच्या दिवशी कर्मचारी रजेवर असेल तर वेतनवाढीचा दिनांक बदलत नाही, पण वाढीव रक्कम तो हजर झाल्यापासून मिळते. देयक करताना हा फरक निसटतो.

पदोन्नतीच्या वेळी विकल्पाकडे सर्वाधिक लक्ष द्यावे. मूळ पदाच्या स्तरात एक वेतनवाढ द्यायची आणि येणारी रक्कम वरच्या स्तरात जिथे मिळते तो टप्पा, नसेल तर लगतचा वरचा टप्पा द्यायचा, ही मूळ रीत. पण कर्मचाऱ्याला विकल्प असतो: हा लाभ पदोन्नतीच्या दिनांकापासून घ्यायचा की जुन्या पदातल्या पुढच्या वेतनवाढीच्या दिनांकापासून. विकल्प एका महिन्याच्या आत लेखी द्यायचा असतो. फरक किती पडतो ते आकड्यांत पाहा.

एक कनिष्ठ सहाय्यक एस-6 मध्ये 26,000 वर आहे, त्याची पुढची वेतनवाढ 1 जुलै 2023 ला आहे आणि 10 मार्च 2023 ला तो वरिष्ठ सहाय्यक (एस-8) म्हणून रुजू झाला. त्याने लगेच निश्चिती घेतली तर 26,000 चे एका वेतनवाढीने 26,800 होतात, एस-8 मध्ये तो टप्पा नाही, म्हणून लगतचे 27,100 मिळतात, आणि डिसेंबरअखेर तो तिथेच राहतो. त्याने 1 जुलैचा विकल्प दिला तर 10 मार्चपासून एस-8 मधला लगतचा वरचा टप्पा 26,300 मिळतो. 1 जुलैला जुन्या स्तरात दोन वेतनवाढी (वार्षिक आणि पदोन्नतीची) धरून 27,600 होतात आणि एस-8 मध्ये 27,900 निश्चित होतात. पावणेचार महिने दरमहा 800 कमी घेतल्यावर जुलैपासून मूळ वेतनात दरमहा 800 जास्त मिळतात, आणि त्यावर महागाई भत्ताही वाढतो.

प्रत्येक वेळी दुसराच विकल्प फायद्याचा असतो असे नाही. निवृत्ती जवळ असेल किंवा वेतनवाढ आठ-दहा महिने दूर असेल तर हिशेब उलटा पडू शकतो. म्हणून पदोन्नतीच्या आदेशासोबतच दोन्ही पर्यायांचा तक्ता करून कर्मचाऱ्याच्या हातात द्या, पोच घ्या, आणि आलेला विकल्प पुस्तकाला चिकटवा. हा तक्ता करायला अर्धा तास पुरतो आणि कर्मचाऱ्याला त्याचा फायदा निवृत्तीपर्यंत होत राहतो. विकल्प दिलाच नाही तर निश्चिती पदोन्नतीच्या दिनांकापासून होते, आणि मुदत संपल्यावर कितीही अर्ज आले तरी उपयोग होत नाही.

आश्वासित प्रगती योजनेच्या (पदोन्नती न मिळाल्यास ठरावीक वर्षांनी वरचे वेतन देणाऱ्या योजनेच्या) नोंदीत कोणती योजना आणि कितवा लाभ हे स्पष्ट हवे. 1995 ची कालबद्ध पदोन्नती, 2001 ची सेवांतर्गत आश्वासित प्रगती, तिची 2010 ची सुधारणा आणि 1 जानेवारी 2016 पासूनची 10-20-30 वर्षांची योजना या चारही टप्प्यांतून गेलेली पुस्तके आज टेबलावर आहेत. "12 वर्षांचा लाभ" एवढेच लिहिले असेल तर पुढच्या लाभाची गणना चुकते. मध्ये नियमित पदोन्नती मिळाली असेल किंवा ती नाकारली असेल तर तेही लिहा. नाकारल्याचा थेट परिणाम या लाभावर होतो.

निश्चिती झाल्यावर वित्त विभागाकडून पडताळणी करून घ्यायला टाळाटाळ करू नका. जास्त दिलेल्या वेतनाची वसुली फार कठीण होऊन बसते. पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह या प्रकरणात 18 डिसेंबर 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने वर्ग 3 आणि 4 च्या कर्मचाऱ्यांकडून, निवृत्त झालेल्या किंवा वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून, आणि पाच वर्षांहून अधिक काळ दिल्या गेलेल्या जादा रकमेची वसुली करता येणार नाही असे सांगितले. 2016 मध्ये जगदेव सिंग प्रकरणात त्याच न्यायालयाने, कर्मचाऱ्याने जादा रक्कम परत करण्याचे वचनपत्र दिले असेल तर वसुली करता येते असे म्हटले. म्हणजे वेतननिश्चितीच्या वेळी घेतलेले वचनपत्र पुस्तकात आहे की नाही, यावर पुढची बाजू ठरते. वसुली माफ झाली तरी चुकीची निश्चिती दुरुस्त होतेच आणि पेन्शन कमी वेतनावर बसते. ते दुःख कर्मचाऱ्याच्या वाट्याला येऊ नये म्हणून पडताळणी वेळेवर हवी.

रजेचा हिशेब

अर्जित रजा दर 1 जानेवारी आणि 1 जुलैला 15 दिवस आगाऊ जमा होते, अर्धवेतनी रजा त्याच दिवशी 10 दिवस. मधल्या काळात रुजू झालेल्याला पूर्ण महिन्यामागे अडीच दिवस अर्जित रजा. आधीच्या सहामाहीत असाधारण रजा घेतली असेल तर तिच्या एकदशांश इतकी कपात 15 मधून करायची. शिक्षकांना दीर्घ सुट्टी मिळते, त्यांचा हिशेब वेगळा असतो, म्हणून तो या तक्त्यात मिसळू नका.

समजा 31 डिसेंबरला शिल्लक 212 आहे आणि जुलै ते डिसेंबर या काळात 30 दिवस असाधारण रजा झाली. जानेवारीत 15 वजा 3, म्हणजे 12 जमा, शिल्लक 224. मार्चमध्ये 12 दिवस अर्जित रजा घेतली, उरले 212. 1 जुलैला 15 जमा, 227. एवढा साधा हिशेब, पण सलग चार सहामाह्या राहिल्या की मधली असाधारण रजा विसरली जाते आणि निवृत्तीच्या वेळी रोखीकरणाची रक्कम चुकते.

कमाल मर्यादा 300 दिवस. शिल्लक 285 च्या वर गेली की नव्या सहामाहीचे 15 दिवस सरळ मिळवून 300 वर कापून टाकू नका. ते 15 दिवस वेगळे दाखवायचे, त्या सहामाहीत घेतलेली रजा आधी त्यातून वजा करायची आणि उरलेले सहामाही संपताना 300 च्या मर्यादेत मिळवायचे. शिल्लक 296 असलेल्या कर्मचाऱ्याने सहामाहीत 9 दिवस रजा घेतली, तर 15 मधले 6 उरतात, 296 अधिक 6 म्हणजे 302, मर्यादेने 300. आधीच 300 वर कापून मग 9 वजा केले असते तर त्याचे 9 दिवस विनाकारण बुडाले असते. आजारी न पडता, कामावर येत राहून साठवलेली ही रजा असते. ती आपल्या चुकीमुळे जाऊ नये.

परिवर्तित रजा वैद्यकीय कारणासाठी पूर्ण पगारी मिळते, पण अर्धवेतनी खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. 20 दिवसांची परिवर्तित रजा म्हणजे खात्यातून 40. रजेच्या आधीच्या किंवा नंतरच्या सार्वजनिक सुट्ट्या जोडायची परवानगी आदेशात असेल तर त्या रजेत मोजायच्या नाहीत, मधल्या मात्र मोजायच्या. किरकोळ रजा या खात्यात येतच नाही. प्रसूती रजा (180 दिवस) आणि बालसंगोपन रजा कोणत्याही खात्यातून वजा होत नाहीत, पण त्यांची स्वतंत्र नोंद हवी. बालसंगोपन रजेला संपूर्ण सेवेत 180 दिवसांची मर्यादा आहे, आणि बदलीनंतर आधीचे दिवस कळायला पुस्तकाशिवाय दुसरा मार्ग नसतो.

असाधारण रजेची नोंद करताना ती वैद्यकीय प्रमाणपत्रावर आहे की नाही, हे दोन शब्द सोडू नका. वेतनवाढ आणि पेन्शनपात्र सेवा, दोन्हींचा निकाल त्यांवर लागतो.

निलंबन, गैरहजेरी, संप

निलंबनाचा आदेश चढतो, पुनःस्थापनेचा चढतो, आणि निलंबनाचा काळ कसा धरायचा याचा आदेश निघायचाच राहतो. विभागीय चौकशीचा निकाल लागला की लगेच टिपणी ठेवा. महाराष्ट्र नागरी सेवा (पदग्रहण अवधी, स्वीयेतर सेवा आणि निलंबन, बडतर्फी इत्यादी काळातील प्रदाने) नियम 1981 च्या नियम 72 खाली सक्षम प्राधिकाऱ्याने तो काळ कर्तव्यकाळ धरायचा की नाही आणि वेतन किती द्यायचे हे दोन्ही ठरवावे लागते. अनधिकृत गैरहजेरीचेही तसेच. ती रजा म्हणून नियमित केली नाही तर सेवाखंड ठरू शकते आणि मागची सगळी सेवा धोक्यात येते. संपाच्या दिवसांबाबत त्या-त्या वेळी शासन निर्णय निघतात. निर्णयाचा दिनांक लिहून नोंद घ्या, "संप काळ" एवढे लिहून थांबू नका.

बदली

कार्यमुक्तीच्या दिवशी पुस्तकात पाच गोष्टी पूर्ण करा: कार्यमुक्तीची नोंद (मध्यान्हपूर्व की मध्यान्होत्तर), त्या दिवसापर्यंतची सेवा पडताळणी, रजा शिल्लक अंकी व अक्षरी, चालू वसुल्या आणि अग्रिमे, प्रलंबित चौकशी असल्यास ती किंवा "निरंक". अंतिम वेतन प्रमाणपत्रातले मूळ वेतन पुस्तकाशी जुळते का ते पाहा. पुस्तक कर्मचाऱ्याच्या हाती देऊ नका, खास दूताने किंवा नोंदणीकृत टपालाने पाठवा आणि पोच येईपर्यंत विषय उघडा ठेवा. नव्या कार्यालयाने रुजू दिनांक लिहिताना मधले दिवस पदग्रहण अवधीत (नव्या जागी रुजू होण्यासाठी मिळणाऱ्या मुदतीत) बसतात का ते पाहावे, जास्तीचे दिवस रजेत बसवून घ्यावेत. आंतरजिल्हा बदलीत नव्या जिल्ह्यात ज्येष्ठता खाली जाते, पण सेवा अखंड असते, म्हणून रजा, वेतन आणि पेन्शन मागून पुढे चालू राहतात. काही ठिकाणी नवे पुस्तक उघडून शून्यापासून लिहायला घेतात. तसे करू नका, जुन्याच पुस्तकात पुढे लिहा.

सेवा पडताळणी दर एप्रिलमध्ये

"दि. 01/04/2022 ते 31/03/2023 या कालावधीतील सेवा वेतन देयके व हजेरीपटावरून पडताळली", खाली कार्यालय प्रमुखांची सही. एप्रिलमध्ये मागच्या वर्षाची देयके हाताशी असतात, दहा वर्षांनी नसतात. मधली जुनी वर्षे कोरी असतील तर त्या पंचायत समितीकडे नाव, पद आणि नेमका कालावधी लिहून पत्र पाठवा. "सेवा पडताळणी करून द्यावी" असे मोघम पत्र महिनोन्‌महिने पडून राहते. देयकेच मिळत नसतील तर भविष्य निर्वाह निधीच्या वार्षिक पावत्या आणि हजेरीपट दुय्यम पुरावा म्हणून कामी येतात.

नामनिर्देशने

भविष्य निर्वाह निधी, उपदान (ग्रॅच्युइटी), गट विमा, आणि नव्या पेन्शन योजनेत असेल तर प्राण (त्या योजनेतले कायम निवृत्ती) खाते: प्रत्येकाचे नामनिर्देशन वेगळे असते. लग्नापूर्वी आईच्या नावे केलेली नामनिर्देशने तशीच राहून गेलेली खूप दिसतात. कर्मचाऱ्याचा अकाली मृत्यू झाला की त्याच्या पत्नीला वारस प्रमाणपत्रासाठी कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. विवाह किंवा अपत्याची माहिती आली की नवे नमुने त्याच दिवशी भरून घ्या, कुटुंबाचा तपशील अद्ययावत करा. दरवर्षी दुय्यम सेवापुस्तक (कर्मचाऱ्याकडे राहणारी प्रत) भरताना कर्मचाऱ्याला हे पान उघडून दाखवा आणि सही घ्या.

निवृत्तीच्या दोन वर्षे आधी

आता यादीप्रमाणे पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा आणि त्रुटींचा एकच कागद करा. वाचताना एक वेतनरेषा आखा: नेमणुकीपासून आजपर्यंत प्रत्येक वेतन बदलाचा दिनांक, रक्कम, आदेश. दोन टप्प्यांमध्ये उडी दिसली आणि आदेश दिसला नाही, तिथे त्रुटी. चौथा, पाचवा, सहावा, सातवा अशा प्रत्येक वेतन आयोगाच्या निश्चितीवर पडताळणीचा शिक्का आहे का, हे त्यातच कळते.

पहिल्या सहा महिन्यांत त्रुटींची पत्रे जावीत, पुढच्या वर्षात नोंदी आणि पडताळण्या पूर्ण व्हाव्यात, आणि निवृत्तीच्या सहा महिने आधी परिपूर्ण प्रस्ताव वित्त विभागात पोहोचावा. जिल्हा परिषद कर्मचाऱ्याची पेन्शन जिल्हा परिषदेतच मंजूर होते, त्यामुळे प्रस्ताव घेऊन स्वतः जा आणि टेबलावर बसून त्रुटी समजून घ्या. पत्रव्यवहारात जाणारे तीन महिने वाचतात. ना-देय आणि ना-चौकशी प्रमाणपत्रे मात्र फार आधी घेऊ नका, ती जुनी होतात. 30 जूनला निवृत्त होणाऱ्यांची प्रकरणे वेगळी काढा, 1 जुलैची वेतनवाढ त्यांच्या निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी येते. 11 एप्रिल 2023 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर वर्षभराच्या सेवेची वेतनवाढ त्यांच्या पेन्शनसाठी विचारात घ्यावी लागते.

पुस्तक सापडत नसेल तर

आधी जावक नोंदवही, वित्त विभाग, मुख्यालय आणि मागची दोन कार्यालये अशा क्रमाने लेखी विचारणा करा, उत्तरे फाईलला लावा. मिळाले नाही तर पोलिसांत गहाळ नोंद करून सक्षम प्राधिकाऱ्याची दुसरे पुस्तक तयार करण्याची मंजुरी घ्या. कर्मचाऱ्याकडचे दुय्यम सेवापुस्तक हा सर्वांत भक्कम आधार. ते नसेल तर नेमणूक आणि पदोन्नतीच्या आदेश फाईली, वेतन देयके, निधीच्या पावत्या, ज्येष्ठता याद्या आणि गोपनीय अहवाल यांतून वर्ष-वर्ष जुळवत जा. प्रत्येक नोंदीपुढे ती कोणत्या कागदावरून घेतली ते लिहा, पहिल्या पानावर "मूळ सेवापुस्तक गहाळ झाल्याने अमुक आदेशान्वये तयार केलेले दुसरे सेवापुस्तक" असे ठळक लिहा, आणि ज्या वर्षांचा एकही कागद मिळाला नाही ती वर्षे अंदाजाने भरू नका. ती कोरी ठेवून प्राधिकाऱ्याकडे स्वतंत्र टिपणीने निर्णयासाठी पाठवा.